चपला काढणारे घरमालक

भुतंखेतं, आत्मे वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही. मी पत्रकं वाटते – 'घर विकताय? आधी त्यात राहणाऱ्या भाडेकरूला विचारा.' हे वाचून आमच्या चळवळीतले हसतील... हसू द्या.

हुबळीत देशपांडे नगरच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्याने राहतो. माझा जन्म याच घरातला. घरमालक अप्पा कन्नड. धोतर, हातात बारमाही छत्री. स्वतःच्याच घराच्या दारात चपला काढायचे, छत्रीने उंबऱ्यावर टकटक करायचे, आई "या अप्पा" म्हणाली तरच आत. "विकायचं झालं तर आधी तुम्हालाच विचारीन," हा त्यांचा शब्द. करारात ओळसुद्धा नाही. गेल्या वर्षी अप्पा वारले.

यंदा उन्हाळ्यात, भर दुपारी, त्यांचा मुलगा विनायक बुटांसकट आत आला.

"अक्का, पुण्याची पार्टी घर बघायला येतेय. तुम्ही दुसरीकडे बघा आता."

"अरे, आम्हीच घेतो की. कर्ज काढू. विचार तरी," आई म्हणाली.

"विनायकअण्णा, अप्पांचा शब्द होता," मी म्हटलं.

"तो अप्पांबरोबर गेला. तू तुझी पत्रकं चौकात वाट."

तेवढ्यात उंबऱ्यावर टकटक झाली. आई सवयीने बोलून गेली – "या अप्पा."

आम्ही तिघंही दाराकडे वळलो.

दारात पुण्याचे गृहस्थ होते, नुसत्या मोज्यांवर, हात रिकामे. "गेटवरच्या छत्रीवाल्या आजोबांनी शूज काढायला लावले. कोण हो ते? आणि 'मोदल अवरिगे केळ' म्हणजे काय? मला कन्नड येत नाही."

विनायकने बाहेर डोकावलं. गेटवर कुणी नव्हतं.

"आधी त्यांना विचार," मी अर्थ सांगितला.

विनायक बाहेर गेला. बूट काढले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "अक्का... आत येऊ? घर तुम्ही घेता?"

समोरचा चहावाला सांगतो, ते गृहस्थ गेटवर एकटेच होते – मान खाली घालून, कुणी रागावत असल्यासारखे. त्यांनी अप्पांना कधी पाहिलेलंही नव्हतं. मी खूप डोकं लढवलं. चहावाल्याला पुन्हा विचारलं, तो तेच सांगतो.

आईचं कर्ज मंजूर झालंय. पण मला राग येतो तो वेगळाच. बाकीच्या भाडेकरूंनी काय, मेलेला मालक गेटवर यायची वाट बघायची? हा हक्क कायद्यात लिहून हवा, आणि तो मिळेपर्यंत मी दारोदार फिरणार.

नव्या पत्रकावर सगळ्यात वर कन्नड ओळ आहे – मोदल अवरिगे केळ. कुणी सुचवली, असं सगळे विचारतात. काय सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.