पऱ्हाटीची वळणं

चैत्रातल्या दुपारी वाळलेल्या पऱ्हाटीला एक वास येतो. कपाशी शेतात हिरवी उभी असते तेव्हा तो नसतो. शेवटची वेचणी होते, झाड उपटलं जातं, उन्हात पडून त्याच्या काटक्या होतात, तेव्हा कुठे तो सुटू लागतो, तापलेल्या धुळीचा, जुन्या गोणपाटाचा आणि तुरट सालीचा मिळून झालेला. केळापूर तालुक्यात जन्मलेल्या माणसाला तो घराचा वास वाटतो, कारण आमची चूल पऱ्हाटीवर पेटते, आमची कुंपणं पऱ्हाटीची असतात आणि पऱ्हाटी विणून वरून शेणमातीनं लिंपलेला कुड ही इथल्या कितीतरी घरांची भिंत असते. मला मात्र आता तो वास आला की आधी मान खाली घालावीशी वाटते.

बोंडअळीनं सारा मुलूख पोखरून काढला, त्यानंतरचा तो उन्हाळा. वरून टवटवीत दिसणारं बोंड फोडावं आणि आत काळवंडलेल्या सरकीशेजारी गुलाबी अळी वेटोळं करून बसलेली असावी, हे दृश्य लोकांनी एक अख्खा हंगाम पाहिलं होतं. चहाच्या टपरीवर, मयतीला, बारशाला, कुठेही गेलं तरी बोलणं फिरून अळीवरच यायचं. अशा दिवसांत आमच्या इक्बालभाईंनी बाहेरच्या हौशी लोकांसाठी सायकलची वाट बांधायची गोष्ट काढली. बसस्टँडसमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. एके काळी तासावर भाड्यानं जाणाऱ्या त्यांच्या सायकली, घरोघरी मोटारसायकली आल्यापासून भिंतीला टेकून गंजत होत्या. यवतमाळहून डोंगरात सायकल चालवायला निघालेल्या काही हौशी मंडळींपैकी एकाच्या सायकलची साखळी आमच्या गावाशी तुटली, ती जोडून देता देता भाईंनी त्यांच्या तोंडून ऐकलं की गावामागच्या बरडासारखी टेकडी शोधून सापडणार नाही. बरड म्हणजे मुरमाड, उघडीबोडकी जमीन. जिला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या निकामी म्हणत आलो, तिची कुणी स्तुती केली याचंच गावाला नवल वाटलं.

त्या टेकडीवरून उतरणारी सात वळणांची वाट आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी भूगोलाचा मास्तर. पन्नाशीला आलेला, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरची कॅलेंडरं लक्षपूर्वक वाचणारा मी, समोच्च रेषांचा नकाशा काखेत मारून बरड चढू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "ज्यायले सायकलवरून उतरता येत नाही, ते सायकलचा रस्ता बांधून राह्यले." आरोप खरा होता. मला सायकल येते. उतरण्यासाठी मात्र एखादं कुंपण किंवा ओळखीचा माणूस लागतो.

टेकडी गायरानातली, म्हणजे ग्रामपंचायतीची. सरपंचांनी अट घातली ती रास्त होती: गावानं श्रमदानानं वाट बांधावी, पंचायत समितीच्या अभियंत्यांनी येऊन पाहावी, त्यांचा शेरा चांगला आला की ग्रामसभेत ठराव होईल आणि नाल्यावरचा लहान पूल, फलक, सावलीचं छप्पर यांसाठी निधी मागता येईल. अभियंत्यांचा सोमवार ठरला. तो हुकला तर पुढची गोष्ट पावसाळ्यानंतर.

वाट झाली, पण वळणं राहिली. वळणावर बाहेरची कड उचललेली नसेल तर सायकल सरळ दरीकडे निघते. त्यासाठी दगड हवेत. बरडावर मुरूम होता, हातात घेताच भुगा होणारा. चांगले गोटे होते ते शेतांच्या धुऱ्यांवर, नांगरताना निघालेले आणि बांधावर रचलेले. पण आमच्याकडे धुऱ्याच्या गोट्याला हात लावणं म्हणजे भावकीला आमंत्रण. त्यापायी तीन-तीन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. तेव्हा मला सुचलं: कुड विणावा. वळणावर खुंट्या ठोकून पऱ्हाटी विणायची, मागून माती भरायची, वरून लिंपायचं. कल्पना सर्वांना इतकी आवडली की दोन दिवस मी छाती पुढे काढून चालत होतो, म्हणजे पोटाला जमेल तितकी. घरोघरून पऱ्हाटीचे भारे आले आणि कुड विणण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही अशी सरूबाई चार बायांना घेऊन टेकडीवर आली.

पहिलाच भारा सोडून ती थबकली. काड्यांवर न उमललेली, वाळून टणक झालेली बोंडं तशीच लटकत होती. कुडाची पऱ्हाटी आधी झोडून घेतात, बोंडं झडली की मगच विणतात, ही रीत. सरूबाई म्हणाली, "झोडून घेऊ, मास्तर. कायले घाई करता?" मी घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं, सोमवार मोजला आणि म्हणालो, "राहू द्या हो. लिंपल्यावर काय दिसते?" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विणायला घेतलं. ज्याची अख्खी विद्या नकाशात आहे अशा माणसाचं ऐकण्याची चूक ती कधी करत नसे, तेवढी त्या दिवशी केली.

शनिवारी दुपार कलताना पंजाबकाका वर आले. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. टेकडीच्या पायथ्याला लागून त्यांचं कपाशीचं वावर. अळीसाठी कृषी खात्यानं सांगितलेलं सगळं करणारा साऱ्या गावात तो एकच माणूस. पीक गेल्यावर त्यांनी वावरातली काडीन्‌काडी वेचून जाळली, खोल नांगरट करून ढेकळं उन्हाला दिली, दारापुढे चुलीसाठीसुद्धा ढीग ठेवला नाही. वाटेचं शेवटचं वळण आपल्या धुऱ्याला घासून जाऊ द्यायला त्यांनी खळखळ न करता संमती दिली होती. त्यांनी न लिंपलेल्या कुडातलं एक बोंड खुडलं, नखानं फोडलं. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या अलग केल्या तर आत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अळी निपचित पडलेली. काकांच्या तळहाताच्या उबेनं ती हलली.

"जिती हाय," काका म्हणाले.

मी कुडात लटकलेल्या बाकीच्या बोंडांकडे पाहिलं.

"बंडू, झोडली नवती का पऱ्हाटी?"

"घाई होती, काका."

"सोमवारी साहेब येऊन राह्यला ना?"

"हो."

"बरं," म्हणाले, आणि अळी चपलेखाली चिरडून खाली उतरले. ते रागावले असते तर मी भांडलो असतो. गावभर पऱ्हाटीचे ढीग आहेत, अळी काय फक्त आमच्याच कुडात बसली आहे का, असं विचारलं असतं. पण ते "बरं" म्हणून गेले होते. उतरत्या उन्हात त्यांचं वावर तवा घासून ठेवावा तसं स्वच्छ, काळं पसरलं होतं आणि त्याच्या बरोब्बर वाऱ्याच्या बाजूला, मी आखलेल्या सात वळणांवर, पाऊस पडताच पाखरू होऊन उडण्यासाठी ती अळी माझ्या कृपेनं सुरक्षित निजली होती.

रविवारी सकाळी मी भाईंच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं, पण मास्तरी कावा वापरून. मृगाला वेळ आहे, म्हटलं. सोमवार होऊ दे, शेरा मिळू दे, मग सावकाश काढू. भाई रॉकेलच्या फडक्यानं हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, टायरमे काटा दिखा तो पहले हवा भरते क्या?" आणि त्यांनी दुकानाचं शटर ओढलं.

दिवसभर आम्ही आमचंच काम उपसलं. विणताना ज्या काड्या सहज वाकल्या होत्या त्या उपटताना बोटं फाडत होत्या. टेकडीवर गवत वाळून खडखडीत झालेलं, तिथे आगपेटी काढायची सोय नव्हती. म्हणून भारे बांधून कोरड्या नाल्यात उतरवले. वाटेत गळलेली बोंडं सरूबाईच्या बाया पदरात वेचत होत्या, आणि दर फेरीला ती मला पदर दाखवून विचारायची, "लिंपल्यावर काय दिसते, मास्तर?" सोमवारी पहाटे वारा उठायच्या आत नाल्यात आग लावली. पऱ्हाटी फार लवकर जळते. आतली बोंडं मात्र एकेक करून तडतडली आणि प्रत्येक तडतडीबरोबर मी मनात हिशेब लावत होतो की वर मातीत किती राहिली असतील.

अभियंते भले गृहस्थ होते. त्यांनी उघडी पडलेली सातही वळणं पाहिली, माझं सारं कथन ऐकलं, नाल्यातली राख पाहिली. "मास्तर, मी दिसते तेच लिहितो," म्हणाले आणि लिहिलं: काम अपूर्ण. ठराव त्या वर्षी झाला नाही.

आठवड्यानं पंजाबकाका शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. आत आले नाहीत. "माह्या धुऱ्याचे गोटे घेऊन जा," एवढंच म्हणाले, चार पावलं गेल्यावर वळून, "मधातला मोठा हालवजो नको. तो हद्दीचा हाय." वैशाखाच्या त्या होरपळीत आम्ही गोटे वाहिले. निधी नव्हता, पूल नव्हता, छप्पर नव्हतं. पण वळणं दगडात उभी राहिली, आणि भाई आपल्या गंजक्या सायकलींपैकी एकीवर बसून सातही वळणं सुखरूप उतरले. मी तिसऱ्यावर उतरलो. उतरण्याची इच्छा नव्हती.

आश्विनात काकांच्या वावरात कपाशी कमरेला लागली. मी संध्याकाळी फिरायला जातो असं घरी सांगून त्या धुऱ्याशी जाऊ लागलो आणि चोरासारखी एखाददुसरं बोंड फोडून पाहू लागलो. आत ओला, शुभ्र, दुधाळ कापूस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटतं, त्या दिवसांत माझ्याइतक्या भयानं बोंड कुणी फोडलं नसेल, आणि ते माझं पीकही नव्हतं. मग एका संध्याकाळी, एका बोंडात, ती निघाली. गुलाबी.

मागून काकांचा हात आला. ते केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी बोंड घेतलं, निरखलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुह्याच पऱ्हाटीची असन का रे हे?" असं विचारून ते हसले. उत्तराची वाट न पाहता कपाशीच्या पुढच्या ओळीकडे गेले, पानं उलटून पाहत.

ते बोंड माझ्या हातात परत आलं होतं. अळीला गाव नसतं, ती कुठल्या काडीवरून उडून आली हे कुणी सांगू शकत नाही. काकाही सांगू शकत नाहीत, मीही नाही. पलीकडे शेवटच्या वळणावर, त्यांच्याच धुऱ्याच्या गोट्यांना घासून, भाईंच्या सायकलीची घंटी वाजली. मी बोंड मिटलेल्या मुठीत धरून तिथेच उभा राहिलो. काका पुढच्या झाडापाशी थांबले होते आणि अजून पानं उलटून बघत होते.