साडेपाच तासांवर मुंबई

सिंगापूरहून निघाल्यापासून शेजारच्या सीटवरचा तरुण समोरच्या पडद्यावर फक्त नकाशा बघत होता. चहा नको म्हणाला, जेवणाचं झाकणही उघडलं नाही. नकाशातलं इवलंसं विमान बंगालच्या उपसागरावर चिकटून बसल्यासारखं दिसत होतं.

"घाई आहे का?" मी विचारलं.

"आईची बायपास आहे, काकू. मी विमानात चढलो तेव्हाच तिला मुंबईत आत नेलं. डॉक्टर म्हणालेत, पाच तास लागतील."

मग मलाही सिनेमा बघवेना. आपल्याकडे गाव किती लांब म्हणून विचारलं, तर माणूस तासांत सांगतो. लेक सिंगापूरला राहायला गेली तेव्हा मीही सगळ्यांना हेच सांगत सुटले होते, साडेपाच तासांवर तर आहे! तासांत सांगितलं की मधले चार हजार किलोमीटर रुमालासारखे घडी होऊन पर्समध्ये बसतात. आज तो रुमाल पुरता उलगडला होता. पडद्यावरचे आकडे कमी होत होते, आणि तिकडे कुणीतरी टाके घालत असेल, किंवा नसेल.

चाकं टेकली. सगळीकडून फोन वाजायला लागले. इतका वेळ पोचण्यासाठी जीव टाकणारा तो मात्र बंद फोन हातात धरून तसाच बसून राहिला. मग त्याने तो माझ्यापुढे केला.

"काकू, तुम्ही चालू करता?"

मी बटणावर अंगठा ठेवला, आणि एवढ्या प्रवासात पहिल्यांदाच वाटलं, अजून थोडा वेळ हवेतच असायला हवं होतं.