लाभपाचमेचं इन्स्टॉलेशन

दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला बडोद्यातल्या गोरव्याच्या आमच्या कारखान्यात काहीतरी नवं सुरू करायचंच, अशी पद्धत. यंदा मॅनेजरला नवं रिपोर्ट सॉफ्टवेअर हवं होतं, तेही व्हॉल्व्ह तपासणाऱ्या यंत्राच्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर सांभाळणारी मी. मी बजावलं, "ह्याला नवी लायब्ररी लागते, म्हणजे आतल्या आधाराच्या फाइली नव्या लागतात; तपासणीचा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर चालतो. दोन्ही एकत्र नांदणार नाहीत." "मुहूर्तमां ना न पडाय," तो म्हणाला, म्हणजे मुहूर्ताला नाही म्हणायचं नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्या गृहस्थाने स्क्रीनवरचे इशारे न वाचता जबरदस्तीने इन्स्टॉल केलं. पासवर्ड मीच टाकून दिला, माझीही अक्कल बघा. नारळ फुटला, पेढे वाटले आणि तपासणी ठप्प झाली.

तो तपासणीचा प्रोग्रॅम आमच्याच विभागातल्या, सगळे ज्यांना काका म्हणत त्या जुन्या सहकाऱ्यांनी लिहिलेला. तरसालीहून स्कूटरवर यायचे, बडोद्याचेच मराठी. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, पण धाकटीचं शिक्षण बाकी, म्हणून आणखी दोन वर्षं ठेवून घेतील या आशेवर होते. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्यांनाच झापलं, "तुमचा प्रोग्रॅमच भंगार आहे." माझं डोकं सणकलं. घोळ घातला ह्यांनी आणि बोलणी खायची काकांनी!

तीन दिवस मी त्या कॉम्प्युटरला चिकटून होते. एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक तुकडा, मागच्या आवृत्तीला न्यावं तर ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं. सिस्टिम इतकी जुनी की निम्मी पॅकेजं नेटवरही सापडेनात. शेवटी काकांनी कपाटातून एक जुनी सीडी काढून दिली. तिच्यावरची लायब्ररी मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि काकांच्या प्रोग्रॅमला तिथूनच घ्यायला लावली. दोन्ही प्रोग्रॅम चालू झाले. मग रागाच्या भरात काय बिघडलं, कोणामुळे, कसं सुधारलं, पुन्हा झालं तर काय करायचं, सगळं पायरीपायरीने लिहून तो कागद मॅनेजरच्या टेबलावर आपटला.

त्याने निवांत वाचला. "म्हणजे हे आता तुम्हाला जमतं," म्हणाला. "मग काकांना कशाला थांबवायचं?"

हात शिवशिवले माझे. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा स्वतःच्याच थोबाडीत मारायला.

बाहेर काका उभे होते. "काय म्हणाला?"

"चूक तुमची नव्हती, हे पटलं त्याला," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मग ठेवतील," काका म्हणाले, आणि त्यांनी घरी फोन लावला.