पुकारमावशींचा सातवा पुरस्कार

पुकारमावशींनी नगरपालिकेची सूचना वाचायला घेतली की तिच्यातलं सरकारी मराठी पहिल्याच वाक्यात गळून पडायचं. मी टाइप करून द्यायचो, "सर्व नागरिकांस याद्वारे कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा खंडित राहील." तो कागद घेऊन त्या पालिकेच्या रिक्षात बसायच्या, माइक तोंडाशी धरायच्या आणि पहिल्याच चौकात गावाला सांगून टाकायच्या, "बायांनो, उद्या पानी न्हाई! आजच भरून ठेवा. कागदावर तांत्रिक कारन लिव्हलंय, पन मी बगून आलेय, पाइप फुटलाय. लय मोटा फुटलाय!"

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की लागणारं आमचं गाव. पालिका लहान, इमारत दुमजली, आणि वरच्या मजल्यावर सभागृह. मी सभेचा कारकून. सभेची विषयपत्रिका काढायची, कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहायचं आणि गावासाठीच्या सूचना टाइप करायच्या, हे माझं काम. मावशी शिपाई, आणि सूचना पुकारायचं कामही त्यांचंच, म्हणून गावाच्या पुकारमावशी. नवरा नोकरीत असताना वारला म्हणून त्याच्या जागी त्यांना घेतलं होतं. मूळच्या आंदर मावळातल्या. तिकडे या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाला जेवायला हाक मारायची पद्धत, त्यामुळे आवाज बाळपणापासून कमावलेला. एकदा रिक्षावरचा कर्णा बिघडला, तर मावशींनी दोन दिवस नुसत्या तोंडानं सूचना दिल्या. फरक एवढाच पडला की खरखर बंद झाली.

सूचना सगळ्या गावाला असली तरी मावशी ती एकेकाला द्यायच्या. डासांची फवारणी आहे, पाण्याच्या टाक्या झाका, एवढंच मी लिहिलेलं. मावशींची रिक्षा पिवळ्या इमारतीखाली थांबायची आणि कर्ण्यातून यायचं, "दुसऱ्या माळ्यावरच्या काकू, तुमच्या टाकीचं झाकन उगडं हाय. काल बी व्हतं." काकू धावत गच्चीवर. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी बाजारातला रस्ता तुंबायचा. "वाहने नेमून दिलेल्या ठिकाणीच उभी करावीत," असा माझा कागद. मावशींचा आवाज, "मुंबई-पुन्याच्या पावन्यांनो, गाडी बाजूला घ्या. मागनं म्हस येतीय, आनि ती हॉर्न दिला तरी थांबत न्हाई!" पाहुणे हसत हसत गाड्या काढायचे. म्हैस खरंच येत असायची.

मुख्याधिकारी साहेबांना हे पटत नसे. साहेब तरुण, परीक्षा देऊन आलेले, शिस्तीचे. त्यांनी एकदा मावशींना केबिनमध्ये बोलावलं.

"मावशी, जे लिहिलंय तेच वाचायचं."

"व्हय साहेब."

"मग परवा 'भटक्या श्वानांचे लसीकरण' असं लिहिलेलं असताना तुम्ही काय सांगितलंत?"

"श्वान म्हंजी कुत्रं, आसं सांगितलं. न्हाई सांगितलं तर कोन आननार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत पाहिलं. त्या दिवशी लस टोचून घ्यायला बावीस कुत्री आणि एक बोकड आला होता. बोकडाच्या मालकाला ऐकू कमी यायचं.

पालिकेच्या वर्धापनदिनाला दर हिवाळ्यात खास सभा होते आणि तिच्यात गावातल्या सहा जणांना पुरस्कार देतात. स्वच्छ सोसायटी, उत्कृष्ट परसबाग, नीटनेटकं हॉटेल, असे ठरलेले सहा. त्या वर्षी मी यादी टाइप करत होतो आणि मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी वाकून यादी पाहिली आणि विचारलं, "याकूबभाईंचं नाव कुटं हाय?"

याकूबभाई पालिकेचे व्हॉल्व्हमन. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं, ती चावी फिरवणारा माणूस. तीस वर्षं रोजंदारीवर. पाणी आलं की त्यांची आठवण कुणाला नाही, नाही आलं की सगळ्यांच्या तोंडी त्यांचाच उद्धार. आदल्या पावसाळ्यात वीज गेली आणि नदीकाठच्या विहिरीकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हा हा माणूस तीन दिवस तिथल्या पंपाच्या खोलीत एकटा राहिला. डिझेलवर पंप चालवत, भिजलेले पाव खात. गावाला पाणी मिळालं, त्यामुळे गावाला काही कळलंच नाही. आता व्हॉल्व्हचं काम ठेकेदाराकडे जाणार होतं आणि महिनाअखेरीला याकूबभाई घरी बसणार होते. रोजंदारीवाल्याला निरोप समारंभ नसतो.

"मावशी, पुरस्कारासाठी अर्ज करावा लागतो," मी म्हणालो. "आणि रोजंदारीवाल्याचा अर्ज घेता येत नाही. तसा नियम आहे."

मावशी "बरं" म्हणून कप घेऊन गेल्या. एवढ्यावर त्या थांबल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

समारंभाच्या दिवशी सूत्रसंचालनासाठी पुण्याहून एक बाई यायच्या होत्या. त्या हायवेवरच्या गर्दीत अडकल्या. सभागृह भरलेलं, नगराध्यक्षा ताई नवी पैठणी नेसून खुर्चीत, सहा सन्मानचिन्हं टेबलावर, आणि माइकपाशी कुणी नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं (माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही हे सर्वांना ठाऊक आहे) आणि नाइलाजानं म्हणाले, "मावशी, फक्त यादी वाचायची. एक शब्द जास्त नको."

"व्हय साहेब."

पहिली पाच नावं त्यांनी अक्षरशः कागदावरची वाचली. साहेबांच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसला. सहाव्या नावाला, म्हणजे नीटनेटक्या हॉटेलला, थोडा पाय घसरला. "आतनं बी नीट हाय. मी सैपाकघरात शिरून बगितलंय," असं त्या म्हणाल्या आणि हॉटेलमालकाला सन्मानचिन्हापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला.

मग मावशींनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती, हे फक्त मला माहीत होतं. त्या कोऱ्या कागदाकडे बघत त्यांनी वाचलं, "आनि सातवा पुरस्कार. तीस वर्सं ज्यांनी गावाला पानी पाजलं, आनि पावसात तीन दिस पंपाजवळ बसून ऱ्हायले, ते आपले याकूबभाई व्हॉल्व्हवाले!"

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग मागच्या रांगेतून टाळी आली, आणि एकदम सगळं सभागृह वाजायला लागलं. ताईंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे, आणि मी टेबलाकडे. टेबल रिकामं. मुख्य म्हणजे याकूबभाईसुद्धा सभागृहात नव्हते. खाली अंगणात चहावाल्यासाठी नळ दुरुस्त करत होते. चार माणसं जिन्यावरून धावली. याकूबभाई आले ते पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात भला मोठा पाना, आणि दारातूनच घाबरून विचारते झाले, "कुठं फुटली लाइन?"

सभागृह हसून लोटपोट झालं. ताई मात्र खंबीर बाई. आपल्या सत्काराची शाल त्यांनी तशीच अंगावरून काढली, याकूबभाईंच्या खांद्यावर घातली आणि पुष्पगुच्छही देऊन टाकला. एका हातात गुच्छ, दुसऱ्यात पाना. असा फोटो आहे. दोन शब्द बोला म्हटल्यावर याकूबभाईंनी पाना काखेत अडकवून माइक धरला. ते म्हणाले, "उद्या सकाळी पाणी अर्धा तास आधी सोडतो." त्या दिवशी सगळ्यात मोठी टाळी या भाषणाला मिळाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून मावशींच्या नावे कारणे दाखवा नोटीस टाइप करायला सांगितली. सभेच्या मंजुरीशिवाय पुरस्कार जाहीर केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, आणि खुलासा पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. शेवटी निलंबनाचाही शब्द होता. मावशींना मुलगी होती, कॉलेजात.

नोटीस मी त्यांना वाचून दाखवली. शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर पालिकेचा शिक्का हाय न्हवं?"

"आहे."

"मग शिक्का आसलेला कागद गावाला सांगायचा, ह्ये माजं काम हाय."

मी नको नको म्हणेपर्यंत रिक्षा सुटली. बाजारपेठ, स्टेशन रोड, भाजीमंडई, सगळीकडे कर्णा ऐकू आला, "उद्या फवारनी हाय, खिडक्या लावून घ्या. आनि दुसरी सूचना, मला नोटीस आलीय! सातव्या पुरस्काराबद्दल. येत्या सोमवारी सभा हाय. ज्यांना यायचं त्यांनी वर गॅलरीत बसा, खाली जागा न्हाई!"

सोमवारी गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे दोन पत्रकार आणि एक मांजर असतं. विषय अकरावा होता, पण दहा विषय अशा वेगानं मंजूर झाले की मला लिहायला वेळ पुरेना. मग ज्येष्ठ नगरसेवक नाना उठले. नानांना पालिकेचे सगळे नियम पाठ आणि ते म्हणून दाखवायची हौस. "ठरावाशिवाय दिलेला पुरस्कार कायद्यानं पुरस्कारच नाही," ते म्हणाले. "मला त्या माणसाबद्दल आदर आहे. पण तो परत घ्यावा लागेल."

गॅलरीत हालचाल झाली. याकूबभाई उभे राहिले. छातीशी एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी घातलेली शाल. "परत द्यायला आणलीय साहेब," ते म्हणाले. "मावशींच्या नोकरीला काही करू नका."

ताई हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमचा खुलासा काय आहे?"

मावशी दाराजवळच्या आपल्या नेहमीच्या जागेवरून दोन पावलं पुढे आल्या. "ताई, मी अकरा वर्सं ह्या दाराशी उभी हाय. समद्या सभा ऐकल्यात. रस्ता आदी व्हतो, मंजुरी मागनं मिळती. गटार आदी, मंजुरी मागनं. त्याला तुमच्यात एक शब्द हाय..." त्या अडल्या. सगळं सभागृह त्या शब्दाची वाट बघू लागलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

सभेच्या कारकुनानं सभेत बोलायचं नसतं. पंधरा वर्षांत मी बोललो नव्हतो. साहेब शेजारीच बसले होते.

"कार्योत्तर मंजुरी," मी म्हणालो.

"त्येच! रस्त्याला चालती, गटाराला चालती, मग मानसाला का न्हाई?"

पहिले हसले ते नाना. त्यांचं हसू पोटातून वर यायला वेळ लागायचा, पण एकदा आलं की बाक हलायचा. डोळे पुसत ते म्हणाले, "घ्या लिहून. सूचक मी." अनुमोदक कोण, असं विचारायची सोय राहिली नाही, कारण सत्ताधारी आणि विरोधक अशा दोन्ही बाजूंचे सगळे हात वर होते. गॅलरीतल्यांचेही होते. ते मोजायचे नसतात हे मी ओरडून सांगत होतो, आणि तेही कुणी ऐकत नव्हतं. इतिवृत्तात मी 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं. हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले असतील, पण लिहिताना हसू त्या एकदाच आलं.

निलंबन टळलं. साहेबांनी शिस्त म्हणून मावशींच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली. सेवापुस्तक म्हणजे नोकराची जन्मकुंडली. त्यात काय लिहिलंय ते बघायला मावशी माझ्या टेबलाशी आल्या. मी वाचलं, "सदर शिपायाने स्वतःच्या अधिकारात निर्णय घेतला."

"निर्नय घेतला, आसं लिव्हलंय? शिपायानं?"

"हो."

"आसं लिव्हलेलं पालिकेत दुसरं पुस्तक हाय का?"

"नाही."

"मग त्येला पलास्टिकचं कव्हर घाला," म्हणाल्या आणि कप गोळा करायला निघून गेल्या.

साहेबांनीच पुढच्या वर्षी मला बोलावून यादीत सातवी ओळ वाढवायला सांगितली. अर्ज न करणाऱ्यांसाठी. तोंड फायलीत खुपसूनच सांगितलं, पण सांगितलं.

दोन वर्षांनी मेअखेरीला मावशी निवृत्त झाल्या. मुलगी शिकून नोकरीला लागली होती, पण मावशींना गावाकडे भात लावायला जायचं होतं. मी त्यांची ट्रंक घेऊन जीपच्या थांब्यापर्यंत गेलो. आंदर मावळाची जीप माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे बोलायला वेळ मिळाला. मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी सभेत तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की! पाय लटालटा कापत व्हते. लुगडं लांब व्हतं म्हनून दिसलं न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची पँट मातर दिसत व्हती, भाऊ."

आम्ही दोघं इतके हसलो की जीपमधले लोक उगाचच आमच्याबरोबर हसायला लागले. तेवढ्यात जीप भरली आणि सुटली. मी हात हलवत उभा राहिलो. वळणावर मावशींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळा थांबा वळून बघेल अशा आवाजात ओरडल्या, "ओ भाऊ! चष्मा पुसा! रडताय का पाऊस आलाय?"

ऐन मे महिना होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.