रिटर्नच्या टेबलाची खुर्ची

सात नंबरच्या रांगेत उभं राहून मंजूषाला पाच वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्या गोदामात कामाच्या वेळी बसलेली बाई तिने एकच पाहिली होती. रिटर्नच्या टेबलाशी बसणाऱ्या इंदुमतीबाई. लोकांनी फोनवरून मागवलेल्या आणि मग परत पाठवलेल्या वस्तू त्या टेबलावर येत. पाकीट फोडायचं, कपडा उलटापालटा करून बघायचा, लग्नात मिरवून परत केलेली साडी वासावरून ओळखायची आणि धड, डागाळलेलं, फाटलेलं असं वेगवेगळं करून ठेवायचं. हे काम सावकाशीचं, म्हणून तिथे खुर्ची होती. लोखंडी, पाठीची एक पट्टी तुटलेली. दिवाळीनंतर इंदुमतीबाईंना मोतीबिंदूने दिसेनासं झालं, त्या घरी बसल्या आणि खुर्ची रिकामी झाली.

तेव्हापासून मंजूषाचा उजवा गुडघा त्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. जवाहर चौकातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "उभं राहणं कमी करा." ती हसली होती. सकाळी सव्वासहाला चौकातूनच गोदामाची बस सुटे, ती शाहपुऱ्यावरून बायका गोळा करत मंडीदीपच्या रस्त्याला लागे आणि सात ते पाच, मध्ये जेवणाचा अर्धा तास सोडून, उभं. बसमध्येही जागा मिळालीच तर.

तिच्या माहेरी हे असं काम कोणी केलेलं नव्हतं. आजोबा छप्पन साली नागपूरहून सरकारी दफ्तरांबरोबर भोपाळला आले, ते खुर्चीवर बसायला. वडीलही सचिवालयात. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असे आणि तो दर शनिवारी घरी धुवायला येई. तो टॉवेल पिळून वाळत घालणं हे लहानपणी मंजूषाचं काम. नवऱ्याचं, श्रीकांतचं, लग्नपत्रिकांचं दुकान होतं, तिथेही बसूनच काम. पुढे लोक फोनवरच आमंत्रणं पाठवू लागले, दुकान मिटलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मंजूषा घरातली पहिली अशी निघाली, जी उभी राहून पगार घेते.

काम अवघड नव्हतं. वस्तू खोक्यात घालायची, चिकटपट्टी मारायची, स्कॅनर दाखवायचा की टूं वाजे. सहा मिनिटं टूं वाजला नाही तर वरच्या मोठ्या बोर्डावर आपलं नाव लाल होई. दिवसात तीनदा लाल झालं की ठेकेदाराचा माणूस येऊन उभा राही. संडास होता गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला, रिटर्नच्या टेबलाच्या पलीकडे. धडधाकट बाईला जायला-यायला आठ मिनिटं. मंजूषाच्या गुडघ्याला अकरा. हा हिशेब कोणीतरी बसून केलेला असणार.

म्हणून सात नंबरच्या बायकांनी आपली एक रीत पाडली होती. जिला जायचं ती शेजारणीला म्हणे, "ज़रा हाथ रखियो." शेजारीण मग आपल्या खोक्यांतली दोन खोकी तिच्या स्कॅनरला दाखवी. नाव हिरवं राही. कोणी कुणाला शिकवलं नव्हतं, कोणी उपकारही मोजत नव्हतं. सगळ्यांत जास्त वेळा जावं लागे ते नफीसाला. ती ऐशबागेतून येई, मंजूषाच्या डाव्या हाताला उभी राही. तिला साखरेचा आजार होता. पण तिच्यासारखा हात कोणाचा चालत नसे. मंजूषाचा गुडघा अडकला की नफीसा न विचारता तिची चार खोकी ओढून घेई आणि म्हणे, "खड़ी रह ले, महारानी. तेरे डिब्बे भी मैं ही ब्याह दूँगी."

श्रावणात नवा मॅनेजर आला. शार्दूल नाव, पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा, काचेच्या केबिनमध्ये बसणारा. एकदा रांगेवरून जाताना त्याने मंजूषाला गुडघा धरून "आई गं" म्हणताना ऐकलं आणि थबकला.

"काकू, तुम्ही मराठी?"

"मग काय! नागपूरचे आम्ही. म्हणजे आता भोपाळचेच."

"दोन महिने झाले, कोणाशी मराठी बोललो नाहीये. आणि इथलं जेवण... जाऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून मंजूषा एक डबा जास्तीचा आणू लागली. पोरगा एकटा, बाहेरचं खातो, आपल्यात कोणी एवढं ऐकून गप्प बसत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती केबिनमध्ये डबा द्यायला जाई आणि तो पंधरा मिनिटं समोर बसवून घेई. मंजूषाच्या दिवसातली ती पंधरा मिनिटं बसायची. तिथे ती त्याला शार्दूल म्हणे, बाहेर सर.

नफीसा म्हणे, "भतीजा मिल गया तुझे तो."

भरली वांगी नेली होती त्या दिवशी शार्दूल जेवता जेवता म्हणाला, "काकू, एक सांगा. बाकीच्या रांगा दिवसातून दहा वेळा लाल होतात. तुमची सात नंबर कधीच नाही. कसं काय जमतं?"

घर नीट ठेवलंय असं पाहुण्याने म्हणावं आणि बाईने खुलावं, तशी मंजूषा खुलली. "अरे, संसार चालवायची सवय आहे आम्हाला. एक उठली की दुसरी तिचं मशीन बघते. एकट्या नफीसालाच सहा वेळा जावं लागतं, शुगर आहे बिचारीला. आम्ही नसतो तर तुझ्या बोर्डाची रोज होळी झाली असती."

तो हसला. अजून भात घेतला. तीही हसली. जो आपल्या डब्यातलं खातो आणि काकू म्हणतो, तो समोरच्या बाजूचा असू शकतो, हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

दहा दिवसांनी नवे स्कॅनर आले. आता दर थोड्या वेळाने त्यावर स्वतःचं बोट टेकवावं लागे, नाहीतर तो बंद पडे. दुसरीचं बोट चालत नसे. पहिल्याच दिवशी नफीसाचं नाव तीनदा लाल झालं. दुसऱ्या दिवशी तिने पाणी पिणं सोडलं. चौथ्या दिवशी तिला भोवळ आली आणि ती खोक्यांच्या चळतीला टेकून फरशीवर बसली, तर सहा मिनिटांनी बोर्डावर लाल. शनिवारी ठेकेदाराचा माणूस आला आणि म्हणाला, "सोमवार से मत आना." नफीसाने ओढणीने तोंड पुसलं, आपला डबा उचलला आणि कोणाकडेही न बघता बसची वाट बघायला बाहेर जाऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी शार्दूलने मंजूषाला बोलावलं. "काकू, सोमवारपासून तुम्ही रिटर्नला बसा. मी वर बोललोय. पगार तोच, पण गुडघ्याला आराम. तुम्ही मला फार मदत केलीत."

"मी कसली मदत केली?"

"त्या स्कॅनरचं. मी हेड ऑफिसला लिहून पाठवलं ना. सगळ्या गोदामांत लावतायत आता."

त्याच्या चेहऱ्यावर काही लबाडी नव्हती. परीक्षेत चांगले मार्क मिळालेल्या मुलासारखा तो दिसत होता. 

घरी श्रीकांतने खिचडी टाकून ठेवली होती. खुर्चीचं ऐकून तो म्हणाला, "मिळाली ना एकदाची? मग तोंड का असं?"

तिने सांगितलं. तो गरम पाण्याची पिशवी भरून घेऊन आला, तिच्या गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "तू मुद्दाम सांगितलंस का?"

"नाही."

"मग झालं तर. तू नाही बसलीस तर दुसरं कोणी बसेल. तिची नोकरी काही परत येत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. पिशवी चांगली शेकत होती. मंजूषाला वाटलं, इतकी दमलेय मी, की हे पटूनसुद्धा जाईल.

रविवारी तिने नफीसाला फोन लावला. उशीर केला तर धीर होणार नाही म्हणून 'कैसी है' न विचारताच म्हणाली, "नफीसा, वो बात मेरे मुँह से निकली थी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग नफीसा म्हणाली, "पता है. और किसके मुँह से निकलती? बाकी किसको बिठाता है वो अपने सामने?"

"मुझे कुर्सी दे रहे हैं."

"तो बैठ जा. तेरा घुटना कौन सा झूठा है." मग ती म्हणाली, "एक बात बता. उस दिन टिफ़िन में क्या ले गई थी?"

"बैंगन. भरवाँ."

"बस? बैंगन में ही?"

आणि फोन बंद झाला.

सोमवारी मंजूषा रिटर्नच्या टेबलापाशी गेली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. इथून संडासचं दार वीस पावलांवर होतं. इथे बोर्ड नव्हता, टूं नव्हता, कोणाचं नाव लाल होत नव्हतं. पाच वर्षं ती या खुर्चीकडे बघत आली होती, पण आपल्या गुडघ्याच्या नजरेने. ते वीस पावलांचं अंतर तिने आज पहिल्यांदा बघितलं. मग ती केबिनकडे चालू लागली. तेवढं चालतानाही गुडघा दोनदा लचकला.

"या काकू! आज डबा नाही?"

"सर," ती उभ्यानेच हिंदीत म्हणाली, "रिटर्न पे नफीसा को बिठा दीजिए."

शार्दूल गोंधळला. "काकू, हिंदीत काय बोलताय? बसा ना."

"मैं ठीक हूँ, सर."

"अहो, पण ती तर गेली. ठेकेदाराचं ते. माझ्या हातात नाही."

"मेरी कुर्सी आपके हाथ में थी. तो उसकी भी होगी." मग तिने काचेतून बोर्डाकडे बोट केलं. सात नंबरची रांग आता रोजच लाल होत होती. "उसके जाने से रोज़ दो सौ डिब्बे कम होंगे. हेड ऑफ़िस पूछेगा तो आप क्या लिखेंगे? उसकी जगह नई लड़की रख लीजिए लाइन पर, पैर जवान हैं. नफीसा रिटर्न पे. मैं अपनी जगह."

त्याने बोर्डाकडे बघितलं. त्याला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, आणि ते तिला दिसत होतं. रोज भाजीला मीठ बरोबर आहे ना, असं विचारणाऱ्या बाईने सर म्हणावं, हे त्याला लागलं होतं. तिलाही लागलंच. पोरगा वाईट नव्हता. पण दोन्हीकडचं सांभाळायला तिच्याकडे आता ताकद नव्हती.

"बघतो," तो शेवटी मराठीतच म्हणाला. "आणि गुडघ्याचं काय तुमच्या?"

"वो मेरा है, सर."

बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी नफीसा बसमध्ये चढली, मंजूषाच्या पुढच्या सीटवर बसली आणि मंडीदीपपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. रिटर्नच्या टेबलाशीही ती तशीच बसे, मान खाली घालून, पाकिटं फोडत. पाण्याची मोठी बाटली टेबलावर उघडी असे. मंजूषाच्या डाव्या हाताला आता नेहा नावाची बावीस वर्षांची मुलगी उभी राही. ती धावत जाई, धावत येई आणि तरी दिवसातून एकदा लाल होई. मंजूषा स्वतः सकाळी चहा घेईनाशी झाली होती. शार्दूल रांगेवरून जाताना मान हलवी. डबा एकच यायचा आता. श्रीकांतने विचारलं, खुर्चीचं काय झालं. ती म्हणाली, दिली. तो पिशवी भरायला उठला.

आठवडाभराने, जेवणाच्या सुट्टीत, मंजूषा संडासातून परत येत होती. सुट्टीत बोर्ड बंद असे, म्हणून बायका तेव्हाच रांग लावत. गुडघा इतका सुजला होता की ती भिंतीला धरून चालत होती. रिटर्नच्या टेबलापाशी आली तेव्हा नफीसा उठली. एक जरीची साडी तिच्या हातात होती, तिने ती नाकाशी धरून हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"बिरयानी," ती साडीकडे बघत म्हणाली. "पहन के, खा के, वापस."

मंजूषा थांबली. तिने टेबलाची कड धरली.

नफीसाने साडी डागाळलेल्यांच्या खोक्यात टाकली, ओढणी सारखी केली आणि संडासच्या दिशेने निघाली. जाता जाता, मागे न बघता, म्हणाली, "ज़रा हाथ रखियो."

टेबलावर हात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. ना स्कॅनर, ना बोर्डावर नाव. मंजूषाने इकडेतिकडे बघितलं आणि खुर्चीवर बसली. बसल्यावर गुडघा आधी जास्तच ठणकला. तुटलेल्या पट्टीचं टोक पाठीत टोचत होतं. तिने पाय लांब केला, डोळे मिटले आणि सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिली. वीस पावलांवरून परत यायला नफीसाला त्या दिवशी पुरी अकरा मिनिटं लागली.