निळ्या जाळावरचा चहा

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्तच हसाल, तेव्हा हसा बापडे! पण माझ्याएवढा गाढवपणा बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसऱ्या कुणी केला असेल, तर त्याला माझ्यासमोर आणा. मी त्याच्या पाया पडतो.

नव्वदच्या पुढची वर्षं होती. मी नुकताच डिप्लोमा करून बारामतीला परतलो होतो आणि डोक्यात एक किडा वळवळत होता. गावच्या अडचणी गावातल्याच डोक्यांनी सोडवायच्या! पुण्या-मुंबईच्या तोंडाकडं कशाला बघायचं? आपल्याकडे वेल्डर आहे, गवंडी आहे, लेथवाला आहे, आणि या सगळ्यांना अक्कल शिकवायला मी आहेच की! झालं, मंडळ काढलं. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लागली. आत आईचं स्वयंपाकघर, बाहेर माझे शोध.

पहिलं मोठं काम मिळालं ते सणसरला, आबांच्या वस्तीवर. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि दोन म्हशी. तिथं आम्ही गोबरगॅस बांधला. टाकी आमच्या वेल्डरची, शेगडीसुद्धा त्यानंच केलेली. पण दोन म्हशींच्या शेणावर गॅस काही पुरेना. मग मी माझं खास डोकं चालवलं. गोठ्याशेजारी संडास बांधला आणि त्याचा पाईप थेट गॅसच्या खड्ड्यात सोडला!

घरातल्या बायकांचं अंधारात ओढ्याकडं जाणं थांबलं आणि चुलीचा धूरही गेला. आबांची मुलगी सुनंदा म्हणाली, "साहेब, डोळं चुरचुरायचं थांबलं बघा." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एसटीत उभ्यानं आलो तरी बसल्यासारखं वाटलं.

आबांनी मात्र मला गोठ्यामागं नेऊन बजावलं होतं. "साहेब, शेणाचं समद्या गावाला सांगा. त्या दुसऱ्या पायपाचं कुणापाशी बोलू नगा. पोरीचं लगीन व्हायचं हाय."

"छे हो आबा! मी काय वेडा आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच कुणीतरी द्यायला हवं होतं.

पुढं सुनंदाला बघायला वडगाव निंबाळकरहून पाहुणे आले. मुलगा मवाळ स्वभावाचा, डेअरीत कामाला. स्थळ आबांच्या मनात भरलं होतं आणि सुनंदाच्याही. सकाळपासून ती दोनदा साडी बदलून आली होती म्हणे. आबांनी मलाही बोलावलं. "बैठकीत एक इंजिनेर माणूस असला म्हंजी वजन पडतंय," म्हणाले. वजन पडलंच हो, पण ते नेमकं आबांच्या डोक्यावर!

गरमागरम भजी आली. मुलाच्या वडिलांनी, तात्यांनी, दोनदा मागून घेतली. मग चहा आला.

"च्या बाकी झ्याक झालाय," तात्या म्हणाले.

"घरच्या गॅसवरचा हाय," आबा छाती काढून म्हणाले आणि तात्यांना आत नेऊन शेगडी पेटवून दाखवली. निळा जाळ बघून तात्या खूश! बाहेर येऊन बसले, आणखी एक भजं उचललं आणि माझ्याकडं वळले.

"इंजिनेरसाहेब, म्हशी तर दोनच दिसत्यात. तेवढ्या शेणावर एवढा जाळ?"

इथं मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर! पण शोध लावलेल्या माणसाला कुणी नेमका प्रश्न विचारला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही.

"तीच तर गंमत आहे, तात्या!" मी सरसावून बसलो.

आबा खोकले. मी थांबलो नाही. आबा आणखी जोरात खोकले. मला वाटलं, भज्याचा ठसका लागला. मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि पुढं बोलत राहिलो! एवढ्यावरही भागलं नाही. उठून ओसरीच्या कडेला गेलो आणि पाईप कुठून निघतो, कुठून वळतो आणि कुठं जातो ते हात लांब करून दाखवलं. "म्हणजे बघा, या घरातलं काहीसुद्धा वाया जात नाही!"

तात्यांनी हातातलं भजं हळूच ताटलीत ठेवलं.

"म्हंजी आमी आत्ता जे खाल्लं ते..."

"अगदी त्याच्यावरच तळलेलं!" मी म्हणालो. अजूनही माझ्या टाळक्यात उजेड पडला नव्हता, बघा.

तात्या ताडकन उठले. "आबा, ह्ये आदी सांगायचं न्हाय व्हय? पाव्हण्याला असलं खाऊ घालतासा?"

आबांचा चेहरा पडला. मी सारवासारव करायला धावलो. "तात्या, अहो अग्नी तो अग्नी! त्याला कसला विटाळ? सगळे जंतू मरतात. शास्त्र आहे हे!"

पलीकडं मुलाची आई बसली होती. ती माझ्यापुढच्या कपाकडं बघत होती.

"साहेब, तुमचा च्या तसाच हाय की."

सगळ्यांनी बघितलं. कप काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"मला... पित्त आहे हो," मी म्हणालो.

दारात उभ्या असलेल्या आबांच्या बायकोला माझी खरंच काळजी. ती माउली कळवळून म्हणाली, "व्हय ओ, जपा साहेब. गॅस आल्यापास्नं तुमाला आमच्या हितं आलं की पित्तच हुतंय."

धरणीमाते, पोटात घे! अहो खरंच होतं ते. शेगडी पेटल्यापासून त्या घरात पाण्यापलीकडं माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं. जगाला मी अग्नीची महती सांगत फिरत होतो आणि चहाचा कप पुढं आला की माझ्या डोळ्यांसमोर तो पाईप यायचा. सुनंदानं माझ्याकडं एकदा बघितलं, माझा भरलेला कप उचलला आणि आत निघून गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"कळवतो," म्हणून पाहुणे निघाले. पाहुण्यांच्या "कळवतो"चा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. आबा मला शिव्या देतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "निगा साहेब, एसटी चुकंल तुमची."

त्यानंतर मला मंडळाच्या पाटीकडं बघवेना. एका पोरीचं जमत आलेलं लग्न मी स्वतःच्या कौतुकापायी मोडलं होतं. सणसरच्या रस्त्याला लागायची छाती होईना.

आणि एका गुरुवारी, बारामतीच्या बाजाराच्या दिवशी, दारात कोण उभं? मुलाची आई! मी उठून उभाच राहिलो.

"बसा, बसा. सोयरीक ठरली," मावशी म्हणाल्या.

"काय सांगता!"

"त्या दिशी निगताना मी त्यांच्या त्या संडासात जाऊन आले. दार लावलं, कडी घातली, कुणाचं भ्या न्हाय का घाई न्हाय. उभा जलम असं सुख न्हवतं बघा. वाटंतच ह्यांना म्हणलं, हीच पोरगी करायची आन तसलंच आपल्या दारात बांदायचं. च्याचं काय, गोड हुता की!"

मला रडू यायचंच बाकी होतं. म्हटलं, "मावशी, उद्यापासून काम सुरू करतो!"

"त्ये करा. पर आदी तुमच्या घरचा गॅस दावा की. परसात गाय दिसती, संडासबी हाय. तुमी कवा जोडलाय?"

झालं! आता काय बोलायचं? मी आवाज खाली आणला. "माझी फार इच्छा आहे हो, पण आमची आई जुन्या वळणाची. तिला चालत नाही."

नेमकी तेव्हाच आई चहा घेऊन बाहेर आली. "मला कधी विचारलंस रे? मी तर म्हणत होते जोडू या. तूच म्हणालास, आपल्या घरात नको, कसंतरीच वाटतं!"

मावशींनी कप हातात घेतला, माझ्याकडं बघितलं आणि आईला विचारलं, "आक्का, ह्यो च्या कशावर केलाय?"

"सिलिंडरवर. का हो?"

मावशींनी कप माझ्यापुढं सरकवला. "मग ह्यो साहेबांना द्या. ह्यानं त्यांचं पित्त उठायचं न्हाय."