पळीभर एरंडेल

देव आहे की नाही याचा विचार करायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्यात तेवढंही उरलं नव्हतं. माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, सात-आठ वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने आडवे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात आणि डोळे तेवढे चालतात. बेळगावातली नोकरी संपली तसा मी बेळगुंदीला घरी आलो, आणि तेव्हापासून वहिनी आणि मी दोघं मिळून त्यांचं सगळं करतो. उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, कूस बदलायची. आम्हीही साठी ओलांडलेली माणसं. अण्णांना उचलताना कुणाची कंबर आधी धरते एवढंच बघायचं असतं. सकाळी देवापुढे दिवा मीच लावायचो, पण सवय म्हणून. हात जोडले की मनात एकच यायचं, महाराज, आता पुरे.

अण्णांचा एक नेम होता. दर पौर्णिमेला आपल्या बुलेटवरून नरसोबाच्या वाडीला जायचं, दत्त महाराजांचं दर्शन घ्यायचं आणि नदीचं तीर्थ बाटलीत भरून आणायचं. पाऊस असो, ऊन असो, घरात लग्न असो, नेम चुकला नाही. निपाणीपुढचा बोरगाववरून जाणारा रस्ता त्यांना डोळे मिटून आला असता. संध्याकाळी अंगणात गाडीचा आवाज आला की आम्ही सगळे हात धुऊन उभे राहायचो आणि ते प्रत्येकाच्या तळहातावर पळीपळी तीर्थ घालायचे. झटका आला त्यानंतर गाडी गोठ्यात गेली ती गेलीच. तिच्यावर कडबा पडला, कोंबड्या बसायला लागल्या.

दसरा-दिवाळी उलटली आणि अण्णांनी जेवण सोडलं. वहिनी घास पुढे करायच्या, ते ओठ मिटून घ्यायचे. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, "गळ्याला काही झालेलं नाही. गिळता येतंय. यांनी मनानंच सोडलंय. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल." ते ऐकताना अण्णांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला बघवेना. चमचा चमचा पाणी आणि थोडी पेज, एवढ्यावर माणूस किती दिवस काढणार?

मी दुसऱ्याच दिवशी एसटीने वाडीला गेलो. बेळगावला गाडी बदल, निपाणीला बदल, गर्दीत उभं राहा, असं करत तीर्थ घेऊन आलो तेव्हा पायाचे गोळे दुखत होते. अण्णांच्या ओठांना पळी लावली. त्यांनी ओठ उघडले नाहीत. तीर्थ हनुवटीवरून उशीवर ओघळलं. खरं सांगतो, मला रागच आला. भावाचा आला आणि देवाचाही आला. अण्णा मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. डावा हात उचलून ते गोठ्याकडे दाखवत होते.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी यष्टीनं आणलासा. त्यास्नी गाडीवरनं आलेलं पायजे."

"वहिनी, ती गाडी आता गाडी राहिलीय का? कोंबड्यांचं खुराडं झालंय तिचं!"

"ते मला काय ठावं न्हाय," त्या म्हणाल्या आणि पेज गरम करायला आत गेल्या.

म्हणून मी गोठ्यात गेलो. श्रद्धेने वगैरे नाही, चिडून गेलो. कडबा ओढून काढला. खाली बुलेट उभी होती, दोन्ही चाकं बसलेली, क्रोम सोलपटलेलं. टाकीवर मात्र हळदीकुंकवाची बोटं होती, जुन्यावर नवी, थरावर थर. हँडलला झेंडूच्या वाळलेल्या माळा. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते, नांगर, कोयता, विळा, शिवणयंत्रसुद्धा. वहिनींनी या बंद गाडीचीही पूजा एक वर्ष चुकवली नव्हती. अक्षता एवढ्या वाहिल्या होत्या की त्या तांदळाच्या वासाने उंदीर आले आणि त्यांनी सायलेन्सरमध्ये घरटं केलं. तारेने ओढून काढताना कापूस, भुस्सा आणि तांदूळ बाहेर आले, आणि मला त्याही परिस्थितीत हसू आलं.

बेळगावच्या कॅम्पातून एका मेस्त्रीला घेऊन आलो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. इंजिनाचा प्लग कुणीतरी कधीच काढून नेला होता आणि त्या भोकात चिंधीचा बोळा कोंबलेला होता. "काका, एवढे पावसाळे असंच उघडं पडलंय म्हणजे आत गंज धरला असणार. पिस्टन जाम झाला असणार. इंजिन पूर्ण उतरवावं लागतंय, आणि उतरवून पण काय भरवसा न्हाय. कशाला जिवाला त्रास करून घेताय?"

"तू बाकीचं तर कर," मी म्हणालो. "इंजिनाचं शेवटी बघू."

तो हो म्हणाला ते माझं तोंड बघून. पुढचे काही दिवस माझे असेच गेले. सकाळी अण्णांचं आवरायचं, मग गोठ्यात जायचं. टाकीत खडी आणि पेट्रोल घालून ती दोन्ही हातांनी हलवत बसायचं, म्हणजे आतला गंज सुटतो. कार्ब्युरेटर धुवायचा, तारा बदलायच्या, टायर-ट्यूब, बॅटरी. दुपारी वहिनी चहा आणून द्यायच्या. मी काही मोठा भक्तिभावाने हे करत नव्हतो. शेवटी इंजिन जामच निघणार हे धरूनच चाललो होतो. निदान अण्णांना सांगता येईल की बघा, केलं हो सगळं. एवढंच.

त्या दिवशी मेस्त्रीने बोळा काढला आणि हाताने किक हळूच दाबून बघितली. ती खाली गेली. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा गेली, मऊसूत. तो माझ्याकडे बघायला लागला. "काका, हे मोकळं हाय की!" मग त्याने तो बोळा नाकाशी नेला. "ही चिंधी नवीन हाय. आणि हिला एरंडेलाचा वास येतोय. कोण घालतंय आत?"

वहिनी दारात उभ्या होत्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "मीच घालतीया. खंडेनवमीला."

त्यांचं माहेर गाडीवानांचं. त्यांच्या वडिलांकडे बैलगाडी होती आणि खंडेनवमीला गाडीच्या आसाला एरंडेल पाजायचं, चाक हाताने फिरवून तेल सगळीकडे पोचवायचं आणि मगच हळदीकुंकू लावायचं, अशी रीत होती. बुलेटला आस कुठे असतो ते त्यांना कळेना. एकच भोक सापडलं. मग दरवर्षी त्या जुनी चिंधी काढायच्या, देवघरातल्या पळीने एरंडेल आत सोडायच्या, किक हाताने दोन-चारदा खालीवर करायच्या आणि नवी चिंधी कोंबून ठेवायच्या.

"अहो, पण कशासाठी?" मी विचारलं. "अण्णा आता गाडीवर बसणार नाहीत हे तुम्हाला माहीत होतं की."

"व्हय, ठावं हुतं. पर आपून तेल पाजायचं आन् चाक फिरवून ठेवायचं. चालवणारा यील तवा यील. ते काय आपल्या हातात हाय व्हय?"

मेस्त्री म्हणाला, याच तेलाने पिस्टन वाचला. मी तिथेच कडब्यावर बसलो आणि मला रडू आलं. इतकी वर्षं मी समजत होतो की या घरात सगळं थांबलंय, महाराजांनी पाठ फिरवलीय. आणि या घरातच कुणीतरी दरवर्षी पळीभर तेल आत सोडत होतं.

आता गाडी चालू करायची राहिली होती. नवा प्लग बसवला, ठिणगी होती, पेट्रोल होतं. पण किक मारून मारून मेस्त्री दमला, मग मी दमलो. एकदा तर किक अशी उलटली की माझ्या नडगीवर येऊन आदळली. अण्णांना आम्ही खुर्चीत घालून अंगणात आणलं होतं. ते घशातून काहीतरी आवाज काढत होते आणि डावा हात सारखा हवेत दाबत होते. मला वाटलं त्रास होतोय, आत न्यावं. वहिनी म्हणाल्या, "न्हाय, त्यास्नी जवळ घ्या." खुर्ची गाडीच्या डाव्या अंगाला लावली. अण्णांनी हात पुढे केला आणि क्लचच्या खालचा छोटा लिव्हर धरला. जुन्या बुलेटला तो असतो; तो दाबून इंजिनातली हवा सोडायची, किक बरोबर जागेवर आणायची, लिव्हर सोडायचा आणि मग एकच लाथ. मी हे तरुणपणी त्यांच्याकडूनच शिकलो होतो आणि साफ विसरलो होतो. त्यांनी लिव्हर दाबला. मी किक हळूहळू खाली नेली. त्यांनी कान देऊन ऐकलं, लिव्हर सोडला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी लाथ मारली.

गाडी चालू झाली. सगळं अंगण एरंडेलाच्या धुराने भरलं, कोंबड्या कौलावर गेल्या. अण्णांचा अर्धा चेहरा हसत होता. उरलेला अर्धा कधी हसत नाही, पण त्या दिवशी मला तोही हसल्यासारखा वाटला.

पौर्णिमेला मी पहाटेच निघालो. मेस्त्रीने बजावलं होतं, सावकाश जा, ताणू नका. निपाणी मागे पडली, आणि बोरगावच्या अलीकडे गाडीने आचके दिले आणि बंद पडली. ढकलत एका मळ्याच्या कडेला आणली. पाठ मोडून आली होती. आधीचा मी असतो तर देवाशी भांडलो असतो. त्या दिवशी नुसता बसून राहिलो. म्हटलं, महाराज, मला जमलं तेवढं मी केलं. आता तुम्ही बघा.

मळ्यातून एक वयस्कर गृहस्थ आले, जैन शेतकरी. "बर्री, सावलीत या आधी," अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाले. पाणी दिलं. टाकीत डोकावून बघितलं तर तळाशी गंजाचा गाळ पुन्हा सुटलेला. ते हसले. "आमच्यात पाणीसुद्धा गाळल्याबिगर पीत न्हाईत. तुमी गाडीला तसंच पाजताय व्हय?" घरातून धुतलेलं दुहेरी फडकं आणलं, पाणी गाळायला वापरतात तसलंच. नळीने पेट्रोल कॅनमध्ये काढलं, दोघांनी मिळून फडक्यातून गाळलं, टाकी विसळली आणि परत भरलं. फडक्यात तांबडी माती राहिली. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "फडकंच तर दिलं. जावा आता, ऊन चढायच्या आत पोचा." पुन्हा गाडी कुठेही थांबली नाही.

दिवस मावळायच्या आत मी घरी आलो. आवाज ऐकून वहिनी अण्णांना खुर्चीत बसवून, हात धुऊन उभ्या होत्या. मी तीर्थ पंचपात्रात ओतलं आणि पळी अण्णांच्या तोंडाशी नेली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. डाव्या हाताने, थरथरत, सांडत, त्यांनी ती वहिनींच्या पुढे धरली.

"अवो, आदी तुमी घ्या," वहिनी म्हणाल्या. अण्णांनी हात खाली केला नाही. शेवटी वहिनींनी तळहात पुढे केला आणि तीर्थ घेतलं. ती तीच देवघरातली पळी होती.

मग अण्णांनी स्वतः घेतलं. वहिनींनी दूधभात कालवून आणला. त्यांनी तोंड उघडलं.

अण्णा आजही बोलत नाहीत, उजवा हात हलत नाही, आणि त्यांना उचलताना माझी कंबर अजून धरते. पण जेवतात. दर पौर्णिमेला लिव्हर ते दाबतात आणि किक मी मारतो. याला कुणी चमत्कार म्हणावं की न म्हणावं, त्यात मी पडत नाही. सकाळी देवापुढे बसतो, दिव्यात तेल घालतो, वात पुढे सारतो. हात जोडतो तेव्हा "आता पुरे" म्हणायचं राहूनच जातं.